परदेशचा अल्पमुदतीचा व्यापारी प्रवास : काही नियम, काही विवेक

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात भद्रावती येथे दिलेले व्याख्यान)



मेळाव्यात आम्ही बोलावयास उभे राहिलो की विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती, वसतिगृह किंवा लग्नकार्यातील काटकसर यांपैकी एखादा विषय निघणार, अशी आपली अपेक्षा असते. यंदा कार्यकारी मंडळाने सुचविलेला विषय निराळा आहे. परदेशी थोड्या दिवसांसाठी व्यापारानिमित्त जावयाचे झाल्यास कोणते नियम पाळावे लागतात, हे सोप्या भाषेत सांगा, असा आदेश झाला. आमच्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या निवृत्त शाळामास्तराने हे ओझे का उचलावे, असे कोणास वाटेल. परंतु नियम वाचणे, त्याचा अर्थ लावणे आणि तो मुलांस समजेल असा सांगणे हाच आमचा जन्मभराचा व्यवसाय होता. म्हणून हे काम आम्ही आनंदाने पत्करले.

या विषयाची निकड कशामुळे उत्पन्न झाली, ते प्रथम सांगतो. आपल्या ज्ञातीतील घरांमध्ये हल्ली दोन प्रकारची पत्रे येऊ लागली आहेत. भद्रावतीच्या मातीकामास जुनी परंपरा आहे. कृष्णमूर्ती मिरमिरा यांच्या ग्रामोदय संघाने त्या कामास नवे तंत्र आणि नवी दृष्टी दिली. आज आपली मुले-मुली चकाकीची भांडी, दिवे, फुलदाण्या घडवितात आणि त्यांची छायाचित्रे पाहून दूरदेशचे व्यापारी चौकशी करतात. 'आमच्या प्रदर्शनास या, माल दाखवा, दर ठरवू,' हे पहिल्या प्रकारचे पत्र. दुसऱ्या प्रकारचे पत्र एखाद्या दलालाकडून येते. 'दोन वर्षांचे काम आहे, पगार भरपूर आहे, बिझनेस व्हिसावर पाठवितो, आधी पैसे भरा,' असे त्यात असते. दोन्ही पत्रांत 'बिझनेस व्हिसा' हा एकच शब्द असतो. पहिल्याने घर वर येऊ शकते, दुसऱ्याने घर बुडू शकते. हा भेद ओळखता यावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

सीमेवर परवाना दाखविण्याची रीत साहेबांनी आणली, असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'मुद्राध्यक्ष' नावाचा अधिकारी सांगितला आहे. एक माषक घेऊन त्याने प्रवाशास मुद्रा द्यावी, मुद्रा असेल त्यानेच जनपदात यावे अथवा जावे, आणि जनपदातीलच मनुष्य मुद्रेवाचून आढळल्यास त्यास बारा पण दंड करावा, अशी त्यात व्यवस्था आहे. खोटी मुद्रा बाळगणाऱ्यास आणि परक्या मनुष्यास दंड याहूनही कडक. दुसरे उदाहरण चिनी प्रवासी ह्युएनत्संग याचे. त्याने वर्णिलेल्या कोसल देशाची राजधानी म्हणजे आपले भांदकच असावे, असे काही संशोधकांनी मांडले, तर इतरांनी दुसरी स्थळे सुचविली. तो वाद विद्वानांवर सोपवू. पण हा थोर यात्रेकरू सातव्या शतकात आपल्या बादशहाची मनाई मोडून, परवान्यावाचून निघाला होता आणि सरहद्दीच्या बुरुजावरून त्याच्यावर बाण सुटले होते, असे त्याच्या चरित्रात सांगितले आहे. आज बाण सुटत नाहीत. विमानतळावरून परतीच्या विमानात बसवितात, आणि कर्ज काढून गेलेल्या मनुष्यास ते बाणाहून कमी लागत नाही.

आता पारपत्र आणि व्हिसा यांतील भेद पाहू. पारपत्र, म्हणजे पासपोर्ट, आपले सरकार देते. 'हा आमचा नागरिक आहे' अशी ती ग्वाही होय. व्हिसा ही परक्या सरकारची संमती होय. पूर्वी पारपत्र देणे न देणे सर्वस्वी सरकारच्या मर्जीवर असे. सतवंतसिंग साहनी नावाच्या एका व्यापाऱ्याने, आपणांस धंद्यासाठी परदेशी जावे लागते आणि सरकार आपली पारपत्रे परत मागत आहे, अशी तक्रार सर्वोच्च न्यायालयात नेली. १० एप्रिल १९६७ रोजी न्यायालयाने बहुमताने निर्णय दिला की, परदेशी जाण्याचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि कायद्याने ठरविलेल्या रीतीवाचून तो काढून घेता येणार नाही. त्याच वर्षी पारपत्रांचा कायदा झाला. म्हणजे आज आपण नागपूरच्या पारपत्र कचेरीकडे अर्ज करतो तो हक्काने करतो, आणि तो हक्क एका व्यापाऱ्याच्या खटपटीतून स्पष्ट झाला, हे ध्यानी ठेवण्याजोगे आहे. व्हिसाच्या बाबतीत मात्र असा हक्क नाही. दुसऱ्याच्या घरी जाताना यजमानाची मर्जी सांभाळावी लागते, तसेच हे आहे.

व्यापारी भेटीचा व्हिसा कोणत्या कामास चालतो, हे या विषयाचे मर्म होय. प्रदर्शनात माल मांडणे, गिऱ्हाइकांशी बोलणी करणे, कारखाना पाहणे, करार करणे, सभेस हजर राहणे, ही कामे त्यात येतात. तेथील मालकाच्या हाताखाली राबून तेथला पगार घेणे त्यात येत नाही. तुम्ही आपल्या येथील धंद्याचे प्रतिनिधी म्हणून जाता, तुमची कमाई येथील धंद्यातून होते आणि काम उरकून तुम्ही येथेच परत येता, अशी त्यामागील कल्पना आहे. कोणी 'चाकावर बसून प्रात्यक्षिक दाखवा, त्याचे मानधन देऊ' असे लिहिले, तर या व्हिसावर ते चालेल काय, हे त्या देशाच्या वकिलातीस आधी विचारून घ्यावे. देशादेशांचे नियम येथे भिन्न आहेत.

उदाहरणार्थ जर्मनी घेऊ. फ्रँकफुर्ट शहरी फेब्रुवारी महिन्यात 'अँबिएंते' नावाचे गृहोपयोगी वस्तूंचे मोठे प्रदर्शन भरते, आणि हस्तकलेचा व्यापार करणाऱ्यांस ते ठाऊक असते. जर्मनीचा अल्पमुदतीचा व्हिसा हा 'शेंगेन' व्हिसा असतो. लक्झेंबर्गमधील शेंगेन या लहानशा गावी १४ जून १९८५ रोजी पाच देशांनी करार करून आपसांतील सीमेवरची तपासणी काढून टाकण्याचे ठरविले, म्हणून हे नाव पडले. आज या व्यवस्थेत २९ देश आहेत. एकाचा व्हिसा मिळाला की सर्वसाधारणपणे बाकीच्यांतही जाता येते. मात्र अर्ज कोठे करावयाचा याचा नियम आहे. जेथे मुख्य काम अथवा अधिक दिवस मुक्काम, त्या देशाकडे. मुक्काम सारखेच असतील, तर जेथे प्रथम पाऊल ठेवणार त्या देशाकडे. 'अमुक देशाचा व्हिसा लवकर मिळतो' म्हणून तिकडे अर्ज करून भलतीकडे जाणे हे लबाडीत मोडते.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निदान पंधरा दिवस आधी तो पोचलाच पाहिजे. निर्णयास सामान्यतः पंधरा दिवस लागतात, क्वचित पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबते. शिवाय भेटीची वेळ मिळण्यासही काळ जातो. यास्तव फेब्रुवारीच्या प्रदर्शनाची तयारी दिवाळीपूर्वीच सुरू करावी. ११ जून २०२४ पासून प्रौढ माणसास शुल्क ९० युरो आहे. व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही.

आता गणित. शेंगेन प्रदेशात कोणत्याही १८० दिवसांच्या काळात ९० दिवसांहून अधिक राहता येत नाही. पुष्कळजण याचा अर्थ 'सहा महिन्यांत तीन महिने' असा ढोबळ लावतात आणि फसतात. खरी रीत अशी : मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी मागे वळून, तो दिवस धरून, १८० दिवस मोजावयाचे आणि त्यांत आपण किती दिवस तेथे होतो ते पाहावयाचे. पोचल्याचा दिवस आणि निघाल्याचा दिवस, दोन्ही मोजले जातात. समजा, एकजण १ जानेवारीस पोचला आणि ३० जानेवारीस निघाला. हे ३० दिवस झाले. तो पुन्हा १ मार्चला गेला. मार्चचे ३१ आणि एप्रिलचे २९ मिळून ६०. म्हणजे २९ एप्रिल हा त्याचा नव्वदावा दिवस. ३० एप्रिलचे तिकीट काढले असेल, तर एका दिवसाने नियम मोडला. यानंतर त्यास पुन्हा प्रवेश केव्हा? वर्ष लीप नसेल तर ३० जूनला. कारण त्या दिवशी मागचे १८० दिवस मोजता १ जानेवारी हा दिवस मोजणीतून गळतो. हे उदाहरण घरी पंचांग घेऊन मुलांकडून सोडवून घ्यावे. पूर्वी पारपत्रावरील शिक्क्यांवरून अधिकारी हा हिशेब करीत. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तेथे येण्या-जाण्याची यंत्रावर नोंद करण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. चेहरा आणि बोटांचे ठसे घेऊन यंत्रच दिवस मोजते. यंत्रापाशी रदबदली चालत नाही.

आणखी एक सूचना. व्हिसाच्या चिकटपत्रावर तीन गोष्टी छापलेल्या असतात : तो कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत चालेल, किती वेळा प्रवेश, आणि किती दिवस मुक्काम. तारखांमध्ये चाळीस दिवसांचे अंतर असले तरी मुक्काम पंधराच दिवसांचा दिलेला असू शकतो. पंधरा म्हणजे पंधराच. तिन्ही रकाने हाती पडताच वाचावेत. जो मनुष्य नियमाने जातो आणि नियमाने परततो त्याचा मान वाढतो. एप्रिल २०२४ मध्ये भारतीयांसाठी केलेल्या नियमानुसार, मागील तीन वर्षांत दोन व्हिसे मिळवून ते रीतसर वापरणाऱ्यास दोन वर्षांचा, अनेकदा जाता येईल असा व्हिसा मिळू शकतो आणि पुढे पाच वर्षांचा. नव्वद दिवसांची मर्यादा तेव्हाही सुटत नाही.

कागदपत्रांकडे वळू. पारपत्र गेल्या दहा वर्षांत दिलेले असावे, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारे असावे आणि त्यात दोन पाने कोरी असावीत. बोलावणाऱ्या संस्थेचे पत्र हवे. त्यात तिचा पत्ता, भेटीचे कारण, तारखा आणि खर्च कोण करणार हे स्पष्ट असावे. आपल्या बाजूने धंद्याची नोंदणी, आयात-निर्यात क्रमांक, प्राप्तिकराची विवरणपत्रे आणि बँकेचे उतारे लागतात. सहकारी संस्थेमार्फत जाणाऱ्याने कार्यकारी मंडळाचा ठराव जोडावा. आजारपण आणि अपघात यांसाठी निदान ३०,००० युरोंचा विमा आवश्यक असतो. कित्येकांस हा खर्च व्यर्थ वाटतो, परंतु परमुलखात एक शस्त्रक्रिया झाली तर शेत विकावे लागेल, हे ध्यानात घ्यावे. शेत, घर, कुटुंब, चालू धंदा यांचे पुरावेही जोडावेत. सातबाऱ्याचा उतारा येथे तलाठ्याच्या दप्तरातील कागद वाटतो. तेथे तोच सांगतो की, या मनुष्याची मुळे भद्रावतीच्या मातीत आहेत आणि तो परत जाईल.

नावाच्या बाबतीत आपल्या समाजात फार ढिलाई आहे. शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरे, बँकेत तिसरे. लेकी-सुनांच्या बाबतीत माहेरचे आडनाव एका कागदावर आणि सासरचे दुसऱ्यावर. कोणी पारपत्रावर एकटे नावच लिहितात आणि आडनावाचा रकाना कोरा सोडतात. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये अशा एकेरी नावाच्या पारपत्रावर भेटीसाठी येणाऱ्यांस प्रवेश नाकारण्याचा नियम केला. यास्तव पारपत्राचा अर्ज करण्यापूर्वीच सर्व कागद एका नावाखाली आणावेत. दुसरी गोष्ट बोटांच्या ठशांची. शेंगेन व्हिसासाठी दहाही बोटांचे ठसे घेतात आणि ते ५९ महिने पुन्हा वापरता येतात. चाकावर जन्म घालविणाऱ्या माणसाच्या बोटांच्या रेषा मातीने झिजलेल्या असतात. आधारच्या यंत्रापाशी आपल्या वडीलधाऱ्यांची झालेली पंचाईत आपण पाहिलीच आहे. भेटीपूर्वी काही दिवस मातीकामास सुट्टी द्यावी, हातांस तेल लावावे, आणि ठसे नीट न उमटल्यास आपला व्यवसाय काय तो अधिकाऱ्यास संकोच न करता सांगावा.

मालाच्या नमुन्यांविषयीही दोन शब्द. प्रदर्शनात दाखवून परत आणावयाच्या वस्तूंसाठी 'एटीए कार्नेट' नावाचा कागद मिळतो. त्यामुळे परदेशी जकात भरावी लागत नाही, पण तो माल परत आलाच पाहिजे. जेवणाच्या भांड्यांच्या चकाकीतून शिसे आणि कॅडमियम किती उतरावे यास युरोपात कायद्याची मर्यादा आहे. म्हणून नमुने आधी प्रयोगशाळेतून तपासून घ्यावेत. लाकडी खोक्यांवर उष्णतेने शुद्ध केल्याचा शिक्का लागतो. भाताचे तणस भरून भांडी पाठविण्याची आपली रीत तेथे टाळावी हे बरे.

इतर देशांविषयी थोडक्यात. ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेन व्यवस्थेत नाहीत. ब्रिटनचा व्हिसा वेगळा, आणि त्यावर सामान्यतः सहा महिन्यांपर्यंत राहता येते. अमेरिकेच्या व्यापारी भेटीच्या व्हिसास 'बी-१' म्हणतात. त्यासाठी मुंबईच्या वकिलातीत मुलाखत होते, आणि २०२३ मध्ये शुल्क १८५ डॉलर करण्यात आले. भारतीयास तो दहा वर्षांपर्यंतही मिळू शकतो. मात्र एका भेटीत किती दिवस राहावयाचे ते तेथे उतरल्यावर अधिकारी ठरवितो. तेथील कायदा अर्जदारास 'हा कायमचा राहावयास येत आहे' असेच धरून चालतो, आणि तसे नाही हे पटवून देण्याचा भार अर्जदारावर असतो. मुलाखतीत पाठ केलेली उत्तरे देऊ नयेत. काय विकता, कोणास विकता, केव्हा परत येणार, या तीन प्रश्नांची खरी उत्तरे ज्याच्या जिभेवर आहेत त्यास इंग्रजी कमी आले तरी फारसे बिघडत नाही. आणि व्हिसा मिळाला म्हणजे सर्व झाले असेही नाही. सीमेवरील अधिकारी पुन्हा विचारतो. म्हणून निमंत्रण, विमा आणि परतीचे तिकीट हातातल्या पिशवीत ठेवावे, सामानाच्या पेटीत नव्हे.

आता दुसऱ्या प्रकारच्या पत्राकडे येऊ. आपल्याच ज्ञातीतील एक तरुण काही दिवसांपूर्वी कागद घेऊन आमच्याकडे आला. दलालाने त्यास परदेशी बांधकामावर दोन वर्षांचे काम सांगितले होते, आणि पैसे उभे करण्यासाठी घरात शेत गहाण टाकण्याची बोलणी चालली होती. कागद वाचता दिसले की, व्हिसा व्यापारी भेटीचा, एकदाच प्रवेशाचा आणि तीस दिवसांच्या मुक्कामाचा होता. आम्ही त्यास एवढेच विचारले, 'एकतिसाव्या दिवशी तू कोण असशील?' तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. बंधूंनो, एकतिसाव्या दिवशी तो चोरून राहणारा ठरला असता. मजुरी बुडाली तर दाद मागता येत नाही, आजारी पडला तर इस्पितळात जाण्याची भीती, आणि पारपत्र मालकाच्या कपाटात. त्या घराने शेत राखले. मुलगा आज आपल्याच जिल्ह्यात काम करतो.

परदेशी नोकरी करू नये, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. नोकरीस जावयाचे तर नोकरीच्या व्हिसावर जावे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली दलालांस नोंदणी घ्यावी लागते आणि नोंदलेल्यांची नावे सरकारच्या 'ई-मायग्रेट' व्यवस्थेत पाहता येतात. अशा दलालास घेता येणारी सेवेची रक्कम ३०,००० रुपये आणि त्यावरील कर एवढीच आहे. जो लाखांची भाषा बोलतो त्याच्या हेतूविषयी शंका घ्यावी. दहावी उत्तीर्ण न झालेल्यांस आखाती आणि इतर काही ठराविक देशांत नोकरीस जाताना सरकारी तपासणीतून जावे लागते. ती तपासणी त्यांच्या रक्षणासाठी आहे. ती चुकविण्यासाठीच दलाल भेटीचा व्हिसा पुढे करतात. आम्ही पुष्कळ वर्षे दहावीचे वर्ग शिकविले. 'गुरुजी, या दाखल्याचा उपयोग काय?' असे विचारणारी मुले नेहमी भेटत. त्या दाखल्याने पारपत्रावरील ती अट सुटते, हा त्याचा एक उपयोग येथे नमूद करतो. मुला-मुलींस दहावीपूर्वी शाळेतून काढू नका.

व्हिसा नाकारला गेल्यास हातपाय गाळू नयेत. शेंगेन देश नकाराची कारणे लेखी देतात, ती शांतपणे वाचावीत. जर्मनीने पूर्वीची फेरविचाराची रीत १ जुलै २०२५ पासून बंद केली. आता न्यायालयात जाणे अथवा उणीव भरून काढून नवा अर्ज करणे, हेच मार्ग उरले आहेत, आणि सामान्य माणसास दुसरा मार्ग सोयीचा. मात्र नव्या अर्जात आधीचा नकार लपवू नये. एकदा खोटे पकडले गेले तर पुढची अनेक वर्षे दार बंद होते, आणि आपल्या मागून जाणाऱ्या गावच्या कारागिराकडेही संशयाने पाहिले जाते.

शेवटी मंडळास तीन विनंत्या करतो. पहिली, कार्यालयात एक नोंदवही ठेवावी आणि जो कोणी परदेशी जाऊन येईल त्याने कोणते कागद लागले, किती दिवस लागले, किती खर्च झाला, हे तीत लिहावे. नियम बदलत राहतात, म्हणून प्रत्येक नोंदीवर तारीख घालावी आणि निघण्यापूर्वी वकिलातीचा ताजा नियम पाहावा. दुसरी, परदेशाचा करार अथवा व्हिसा हाती आल्यास पैसे भरण्यापूर्वी तो मंडळातील दोन जाणत्या माणसांस दाखविण्याची प्रथा पाडावी. त्यात कमीपणा नाही. मुलगी देताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो, मग मुलगा सातासमुद्रापलीकडे पाठविताना का करू नये? तिसरी, प्रदर्शनाचे निमंत्रण आलेल्या कारागिरास, मग तो मुलगा असो वा मुलगी, विमा आणि शुल्क यांपुरती उसनवार मदत मंडळाच्या निधीतून मिळावी, आणि माल विकला गेल्यावर ती त्याने परत करावी.

आपल्या वाडवडिलांनी घडविलेली भांडी बैलगाडीतून आठवड्याच्या बाजारास जात. आज तीच कला विमानाने जाऊ शकते. बैलगाडीस वाटेवरचे नाके होते, विमानासही आहेत. नाक्यावर खरा कागद दाखवून, ताठ मानेने पलीकडे जावे आणि ठरल्या दिवशी परत यावे.